पानाच्या डब्यातल्या चकत्या

माझा अर्ज हातात धरूनच त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "आपलं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी अर्जात बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "राहता कुठे?" तेही अर्जात होतं. डोंबिवली पूर्व, मी म्हणाले. मग वडिलांचं नाव विचारलं. मग एम.एस्सी.ला विषय कुठला ते. चौथ्या प्रश्नाला माझं डोकं फिरलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझं डोकं फिरायला फार वेळ लागत नसे.

"सर, सगळं लिहिलंय त्यात," मी म्हणाले.

ते जरा ओशाळले. चष्मा वर सरकवून म्हणाले, "ते दिसतंच आहे. पण मला माहीत असलेल्या चार गोष्टी तुम्ही कशा सांगता ते आधी बघायला हवं ना. म्हणजे माहीत नसलेली पाचवी सांगाल तेव्हा तिच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येतं."

पाचवा प्रश्न असा होता, "कामात चूक झाली, तर तुम्ही ती आधी कुणाला सांगता?"

"आईला," मी खरं ते सांगून टाकलं. शेजारी बसलेले मालक खो खो हसले. नोकरी हातची गेली असं धरून मी पर्स उचलली, आणि सर म्हणाले, "सोमवारी या."

नव्वदीच्या मध्याची ही गोष्ट. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आमची छोटी लॅब होती. कारखान्यांचे पाइप, व्हॉल्व्ह, भंगारातले तुकडे कुठल्या धातूचे आहेत ते सांगणं हा आमचा धंदा. त्यासाठी परदेशाहून एक यंत्र आणलेलं होतं. त्यातून क्ष-किरण वस्तूवर टाकायचे. त्या किरणांनी वस्तूतला प्रत्येक धातू आपापल्या परीनं उजळतो. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राला दिसतो, आणि कुठला धातू किती आहे ते त्यावरून सांगता येतं. वस्तूला ओरखडासुद्धा काढावा लागत नाही. यंत्राला पोर्टेबल म्हणत, म्हणजे दोघांनी मिळून उचललं तर ते उचललं जाई. एक पेटी, एक जाडजूड केबल आणि तिच्या टोकाला पिस्तुलासारखं एक हेड.

या यंत्राला खरं बोलायला शिकवणं, म्हणजे त्याचं कॅलिब्रेशन, हे सरांचं काम होतं. मालक लॅबचे होते, पण यंत्र सरांचं होतं. त्याला ते 'हे गृहस्थ' म्हणत. सकाळी आले की चपला काढायच्या, यंत्रावरचं कापड बाजूला करायचं आणि विचारायचं, "काय, हे गृहस्थ आज कसे आहेत?" मग कशात काय किती आहे ते पक्कं ठाऊक असलेला एक तुकडा त्यापुढे धरायचा. यंत्रानं बरोबर सांगितलं तर दिवस सुरू. नाही सांगितलं तर दारात ट्रक उभा असला तरी काम बंद. अनोळखी वस्तूच्या आधी ओळखीची, आणि अनोळखी वस्तूनंतर परत ओळखीची. "मधल्या वेळात यांची नियत फिरली नाही ना, ते बघायला नको?" असं ते म्हणत.

एवढ्यावर थांबले असते तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण त्यांनी हाच नियम साऱ्या जगाला लावला होता. ठाणे स्टेशनकडे पाठ करून ते रिक्षावाल्याला विचारत, "अहो, स्टेशन कुठल्या बाजूला?" त्यानं बरोबर हात दाखवला तरच पुढचा पत्ता विचारायचे. एकदा एक रिक्षावाला माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, काकांना दिसत नाही काय? घरापर्यंत सोडू?" लॅबमधली माणसं त्यांना पाठीमागे खात्रीसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

ते राहायचे ठाकुर्लीला. तिथल्या बाजारात भाजी घेताना पिशवीतून आधी एक पितळी कुलूप निघे. त्याचं वजन त्यांनी लॅबच्या काट्यावर करून ठेवलेलं होतं. कुलूप पारड्यात टाकायचं, वजन बरोबर भरलं की मग भेंडी. एके दिवशी वजन थोडं कमी भरलं, आणि भाजीवाली त्यांना म्हणाली, "ओ कुलूपवाले, माझा काटा बरोबर हाय. तुमचं कुलूपच झिजलं असंल." आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप लॅबमध्ये आणलं, तीनदा तोललं, आणि संध्याकाळी तिला जाऊन सांगितलं, "बाई, तुमची शंका अगदी रास्त होती. पण कुलूप तेवढंच आहे." तिनं कपाळावर हात मारला आणि कोथिंबिरीची एक जुडी त्यांच्या पिशवीत टाकली. ती मात्र त्यांनी न तोलता घेतली, असं त्यांच्या पत्नीनंच मला सांगितलं.

या काकू मोठ्या मजेच्या होत्या. "तुम्ही यांना कशा पसंत पडलात?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, बघायला आले तेव्हा विचारलंन्, पोहे तुम्ही केलेत का? पोहे आईनं केल्याचं आत शिरताना यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, नाही, आईनं केलेत. झालं. पुढे एक प्रश्न नाही." सर आतल्या खोलीतून ओरडले, "पुढे कशाला विचारायचं? काम झालं होतं!"

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बोलणं आठवायला लागलं की मला आधी आठवतो तो त्यांच्या टेबलावरचा पानाचा डबा. डबा त्यांच्या आईचा, पितळेचा, आत कात-चुना-सुपारीचे कप्पे. सरांनी उभ्या जन्मात पान खाल्लं नाही. कप्प्यांत असत त्यांच्या चकत्या. रुपयाच्या नाण्याएवढ्या, मलमलीत गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर बारीक नंबर ठोकलेला.

त्या चकत्यांमागे एक भानगड होती. यंत्राबरोबर परदेशाहून जे नमुने आले होते ते कारखान्यासाठीचे, चकचकीत पोलादाचे. पण मध्येच आमच्याकडे जुन्या वस्तू यायला लागल्या. कुणाची घंटा, कुणाची समई, एखाद्या संग्रहातल्या मूर्ती. जुनं पितळ, जुनं कासं. त्यात तांबं किती, जस्त किती, कथील किती, हे सांगायला शिकवायचं तर तसलेच ओळखीचे तुकडे हवेत, आणि ते बाजारात मिळत नव्हते. सरांनी ते स्वतः करवून घेतले. तोलून धातू घ्यायचे, ओतवून चकती करायची, तिच्या कडेचा एक तुकडा कापून रसायनात विरघळवायचा आणि आत खरोखर काय उतरलं ते जुन्या पद्धतीनं मोजायचं. जमली नाही की पुन्हा ओतायची. बारा वर्षं हे चाललं होतं. चकत्यांना बोट लावायची मुभा आम्हाला नव्हती. लाकडी चिमटा होता. मी एकदा विसरून एक चकती बोटांनी उचलली, तर सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

कल्याणच्या एका कॉलेजात जुन्या नाण्यांचा छोटा संग्रह होता. तो तपासायला आम्ही यंत्र घेऊन गेलो. तिसरा दिवस उजाडला तरी सरांनी एकाही नाण्याला हात लावला नव्हता. प्राचार्य वैतागले. "अहो, तीन दिवस तुम्ही करताय काय?"

"आपला ट्रे तपासतोय," सर म्हणाले.

"रिकामा ट्रे?"

"हो. त्यात शिसं निघालं, जस्तही निघालं."

ट्रेला लावलेल्या हिरव्या रंगाचं ते शिसं होतं. नाणं पातळ आणि लहान, किरण कडेनं खालपर्यंत जायचे, आणि ट्रेचा रंग नाण्याच्या नावावर जमा व्हायचा. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे रिकाम्या ट्रेत तुम्हाला नाणं सापडलं म्हणायचं!" सर गंभीरपणे म्हणाले, "अर्धं." मग त्यांनी नाण्यांखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा घातला आणि दीड दिवसात सगळी नाणी तपासून दिली.

त्या दिवशी परत येताना मी विचारलं होतं, "सर, म्हणजे यंत्र खोटं बोलतं का?" ते म्हणाले, "छे! ते बिचारं विचारलं त्याचंच उत्तर देतं. आपण नक्की काय विचारलं, ते आपल्याला कळलेलं नसतं." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते डायरीत लिहून ठेवलं, आणि वर्षभरात साफ विसरले.

सुरेश आमच्या लॅबमध्ये अटेंडंट होता. खाडीकाठच्या एका कोळी गावातला, दोन मुलांचा बाप, बोलायला मोकळा. एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, गावात लय राडा झालाय. आमच्या आईचा मुखवटा तपासाल काय?"

आई म्हणजे गावदेवी. तिचा ओतीव धातूचा मुखवटा चैत्रातल्या पालखीत निघायचा. मुखवट्याला हनुवटीपाशी चीर गेली, म्हणून बाळाराम नावाचे एक गृहस्थ तो कल्याणला ओताऱ्याकडे सांधायला घेऊन गेले. तीस वर्षं पालखीचा पुढचा खांदा त्यांचाच, म्हणून हे कामही त्यांच्याकडे. चार दिवस मुखवटा ओताऱ्याकडे राहिला. परत आला तेव्हा घासूनपुसून लख्ख झालेला, आणि कुणीतरी म्हणालं, आईचं रूप पालटलं. बस्स. बाळारामनं जुना मुखवटा मुंबईतल्या कुणाला तरी विकला आणि नवा करून आणला, अशी कुजबुज सुरू झाली. ती वाढत गेली. बाळारामच्या होडीवर येणारी दोन माणसं यायची थांबली. त्यांना येणारी हळद-लग्नाची आमंत्रणं थांबली. चैत्र तोंडावर आला तेव्हा गावाच्या कमिटीनं ठरवलं की मुखवटा मशीनवर लावायचा.

तुलनेला एक वस्तू होती. मुखवट्याचं एक कर्णफूल फार पूर्वी तुटलेलं होतं, आणि ते गावातल्या पारूबाय नावाच्या म्हातारीनं तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. मुखवटा घासण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराचा. कर्णफूल नक्की जुन्या मुखवट्याचं. दोघांचा धातू एक निघाला तर बाळाराम सुटले.

मुखवटा आला त्या दिवशी सर तापानं घरी होते. मी ते काम एकटीनं करायला घेतलं. खरं सांगायचं तर मला ते एकटीनं करायला आवडणारच होतं. मी सगळं नियमानं केलं. आधी चकती, चिमट्यानं. मग कर्णफूल. मग मुखवटा. मग परत चकती. हेड नेहमी सपाट जागेवर टेकवायचं असतं, तर मुखवट्याची सगळ्यात सपाट जागा म्हणजे कपाळ. कपाळावर तीन ठिकाणी मोजलं. तांबं आणि जस्त दोन्हींत जवळजवळ सारखं, पण शिसं! कर्णफुलात ते नावाला होतं आणि मुखवट्यात त्याच्या कितीतरी पट. तिन्ही वेळा तेच.

बाळाराम स्वतः आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. साठीचा, रापलेला, काटक माणूस, गाळ्याच्या पायऱ्यांवर एका कडेला बसून होता. मी तीनदा त्यांच्या शेजारून गेले. एकदा विचारलं, "काका, चहा घेणार?" त्यांनी नुसती मान हलवली.

सुरेश माझ्या खांद्यावरून आकडे बघत होता. "काय निघालं मॅडम?"

"शिसं खूप जास्त आहे," मी म्हणाले. "धातू वेगळा दिसतोय."

लेखी अहवाल नाही, सही नाही. तोंडातून गेलेली दोन वाक्यं. संध्याकाळच्या आत ती गावात पोचली होती.

तिसऱ्या दिवशी सर आले. ताप उतरला होता, चेहरा ओढलेला. मी आकड्यांचा कागद मोठ्या दिमाखात पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हेड कुठे लावलंत?"

"कपाळावर. सपाट जागा तीच होती."

"सुरेश, अहो, तुम्ही या मुखवट्याला काय लावता?"

"काय म्हणजे? हळद, फुलं. आणि दर पुनवेला शेंदूर."

"कुठे लावता?"

सुरेशनं स्वतःच्या कपाळाला हात लावला.

शेंदूर म्हणजे शिशापासूनच केलेली भुकटी. हे मला ठाऊक होतं. अकरावीपासून पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. यंत्र पाहतं ते वरचं, केसाच्या जाडीहूनही कमी, आणि त्या कपाळाच्या बारीक खड्ड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर बसलेला होता. ओताऱ्याच्या घासण्यानं तो गेला नव्हता, आणि मुखवटा परत आल्यावर दर पुनवेला नवा चढत होताच. मी देवीच्या मुखवट्याला धातू विचारला होता आणि त्यानं मला शेंदूर सांगितला होता. लहानपणापासून शेंदूर फासलेले देव बघत आलेल्या मला हे सुचू नये? मी बाथरूममध्ये जाऊन रडले. डोळे धुऊन बाहेर आले तेव्हा सर मला म्हणाले, "सपाट जागा निवडा, असं नियमांच्या कागदावर मीच लिहून ठेवलंय. तिथे मी असतो तर मीही कपाळच धरलं असतं."

मालकांचं म्हणणं सरळ होतं. लेखी काही दिलेलंच नाही, तर चूक कसली? तोंडी बोललेलं सोडून द्या. एकदा का मागे घेतलं की आपल्या बाकीच्या अहवालांवर कोण विश्वास ठेवील?

"तोंडी बोललेलंच तर गावात जाऊन बसलंय," सर म्हणाले. "शेंदराचं शिसं असं नुसतं सांगून भागणार नाही. शेंदूर लावून घासल्यावर किती शिसं मागे राहतं ते मोजून दाखवायला हवं."

आणि त्यांनी पानाचा डबा उघडला.

शिसं मुळीच नसलेल्या चार चकत्या त्यांनी बाहेर काढल्या. बोटांनी. मग एक पॉलिश पेपर घेऊन ते त्या घासायला लागले, मुखवट्यासारख्या खडबडीत होईपर्यंत. मला राहवलं नाही. "सर, दुसऱ्या करून घेऊ या ना. या नका खराब करू."

"चैत्राला किती दिवस राहिले?" त्यांनी विचारलं आणि घासत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पारूबाय लॅबमध्ये यायला लागली. सुरेश तिला सकाळी रिक्षातून आणायचा. सोबत चिंच, राख, काथ्या आणि तेलात कालवलेला शेंदूर. लॅबच्या मागच्या नळाशी फतकल मारून ती बसायची. चकत्यांना शेंदूर लावायचा, उन्हात वाळवायचा, मग चिंच आणि राख लावून काथ्यानं खसाखसा घासायचं. परत शेंदूर. असं आठवडाभर. सर शेजारी स्टुलावर बसून बघत.

"हलक्या हातानं नको हां बाई. तिथे घासता तसंच घासा."

"मंग काय येगला घासतंय मी?" पारूबाय म्हणाली. मग एक चकती उन्हात धरून तिनं विचारलं, "यो कुनाचा देव?"

"आमचा," सर म्हणाले.

"बारका हाय," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

आठवड्यानं त्या चार चकत्या यंत्रापुढे धरल्या. चारी चकत्या डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होत्या, आणि चारींत शिसं. शिशाचा एक कणही नसलेल्या धातूत आता कपाळावरच्या शिशाच्या जवळपास पोचणारा आकडा येत होता. त्यानंतर सरांनी मुखवटा उलटा केला. आतली बाजू पोकळ आणि ओबडधोबड, तिथे शेंदूर कधी पोचलेला नव्हता. पण हेडही नीट टेकत नव्हतं. वस्तू आणि हेड यांतलं अंतर बदललं की आकडे बदलतात, म्हणून सरांनी पुठ्ठ्याचं एक कडं कापलं. त्याच कड्यातून चकत्या, कर्णफूल आणि मुखवट्याची आतली बाजू अशी सगळी मोजमापं दोन दिवस घेतली. आतल्या बाजूला शिसं नावालाच होतं, कर्णफुलाइतकंच.

मला वाटलं, सुटलो. सरांनी अहवाल लिहिला तो असा : मुखवट्याच्या आतल्या बाजूचा धातू आणि कर्णफुलाचा धातू यांत आमच्या यंत्राला फरक दिसत नाही. मी म्हटलं, "सर, दोन्ही एकच आहेत असं लिहा ना." ते म्हणाले, "ते कसं लिहू? कुणी मुद्दाम त्याच मापाचं पितळ ओतलं असेल तर? फरक दिसत नाही, इतकंच आपल्याला ठाऊक आहे." त्या क्षणी त्यांच्या खात्रीचा मला इतका संताप आला की कागद फाडावासा वाटला. एका माणसाची होडी किनाऱ्याला पडून होती आणि हे शब्द तोलत बसले होते.

त्या चार चकत्या नंतर कधीच वापरता आल्या नाहीत. तशा पुन्हा ओतवायला त्यांना निवृत्तीपर्यंत वेळ मिळाला नाही.

रविवारी दुपारी आम्ही गावात गेलो. देवळापुढच्या मांडवात कमिटी बसली होती, पाठीमागे बाया, बाजूला जाळी वाळत घातलेली. मुखवटा पाटावर होता. बाळाराम सगळ्यांच्या मागे भिंतीशी बसले होते. सरांनी उभं राहून आधी सांगितलं, "आमच्या लॅबमधून तुमच्या गावात एक चुकीची गोष्ट गेली. ती मागे घ्यायला आलोय." मग शेंदराचं सगळं समजावून सांगितलं. पारूबाय मध्येच म्हणाली, "खरं हाय, माजे हातानं घासलंय मी." मग त्यांनी अहवालातलं वाक्य वाचलं.

कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "म्हंजे यो आमचाच मुखवटा. बरोबर?"

"तसं यंत्र सांगत नाही," सर म्हणाले. "फरक दिसत नाही, एवढंच सांगतं."

मांडवात चुळबुळ झाली. सुरेश माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, सरांना बोला ना, हो बोलून टाका." मी डोळे मिटून घेतले.

"मंग बालारामानं बदलला नाय, ह्ये तरी कशावरनं?" मागून कुणीतरी ओरडलं.

सरांनी अहवालाची घडी केली आणि तो अध्यक्षांच्या हातात दिला. "यंत्राचं सांगून झालं," ते म्हणाले. "आता माझं सांगतो. बाळाराम यांनी मुखवटा बदललेला नाही."

"कशावरनं पण?"

"परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले."

दोन-तीन जण हसले. अध्यक्षही हसले. "सायेब, चोर काय हो बोलंल?"

"ते मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "तुम्ही विचारलंत तेव्हा ते काय म्हणाले?"

अध्यक्षांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे. मला पायऱ्यांवर बसलेले ते गृहस्थ दिसायला लागले, आणि मी त्यांना काय विचारलं होतं तेही. मान वर करायची मला लाज वाटली.

भिंतीकडून आवाज आला, फार हळू. "मना कोनी इचारलंच नाय."

मग पारूबाय गुडघ्यावर हात देत उठली, माणसांमधून वाट काढत मागे गेली आणि बाळारामच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "बाला, आईला तू इकलंस का रं?"

"नाय गो आये," ते म्हणाले, आणि साठीच्या त्या माणसानं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

"मंग ऊठ तितनं," पारूबाय म्हणाली.